एका पायाचा वाघ

मैनाबाईने वनचौकी झाडता झाडता वाघाच्या पंजाचा प्लॅस्टरचा साचा पदराखाली लपवला आणि वस्तीच्या तोंडाशी ओल्या मातीत तो ओळीने दाबत गेली. सुनेचे दिवस भरत आले होते. जंगलरस्त्याच्या दुरुस्तीचा सरकारी निधी दरसाल यायचा आणि वनखात्याच्या साहेबांच्या विश्रामगृहाच्या फाटकाशीच संपायचा. पुढे वस्तीपर्यंत नुसते खड्डे आणि वाहून गेलेली मोरी. मागच्या साली शेजारची अडलेली पोर झोळीतून बाळंतपणासाठी दवाखान्यात नेताना वाटेतच गेली होती.

वस्तीत वाघ आल्याची बातमी फुटली. मंत्र्यांच्या पाहुण्यांना तो बघायचाच होता. पोरीबाळी मेल्या तरी न हललेलं खातं पाहुण्यांसाठी मात्र धावत सुटलं. खडी पडली, मोरी बांधली, रोलर फिरला. त्याच रस्त्याने ॲम्ब्युलन्स थेट दारात आली आणि सून तालुक्याला जाऊन सुखरूप बाळंत झाली.

वाघ काही दिसला नाही. पाहुणे शिव्या घालत परत गेले. मग साहेबांनी मोबाइलमधले ठशांचे फोटो मोठे करून बघितले आणि तणतणत वस्तीत आले.

"काय गं म्हातारे, सगळे ठसे मागच्या डाव्या पायाचेच! वाघ काय लंगडी घालत आला होता?"

मैनाबाईने मांडीवरच्या नातीचं टोपडं सारखं केलं.

"तुमचा तेव्हाचा रस्ता आठवा ना, साहेब. चारही पाय मोडून घ्यायला तो काय येडा होता?"