रिकाम्या गावातली छत्री

१९८४ साली वेदगंगेला पूर आला, तेव्हा मी निपाणीत माहेरी होते. आमचे हे अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंजवळ गावी. शेजारच्या टीव्हीवर गाव दिसलं. गुडघाभर पाण्यातला वार्ताहर सांगत होता, “गाव रिकामं झालंय. इथे एकही माणूस नाही.” पांढऱ्या ठिगळाची आमची छत्री त्याच्यावर धरून हे उभे होते. “गंगव्वा, तुझा धनी माणसांत न्हाय व्हय गं?” शेजारणी हसल्या, मीही हसले. मग होडी मागायला कचेरीत धावले. कारकून म्हणाला, “आक्का, बातम्या बघितल्या न्हाईत? रिकाम्या गावात होडी कशाला?” दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत वार्ताहर पुढच्या गावात आमच्याच छत्रीखाली होता; ती धरणारे मात्र हे नव्हते. पुढं तो दिल्लीला गेला, कारकुनाला बढती मिळाली. सासूबाई आणि हे सापडलेच नाहीत. अजूनही पुराच्या बातम्यांत मी वार्ताहराकडं बघत नाही. छत्री कुणी धरलीय, ते बघते.