कळशीची जागा

"हे संग्रहालय नाही," वसुधा मॅडम म्हणाल्या. "हे वस्तू उसन्या देणारं घर झालं."

त्या नोंदणीच्या तपासणीला आल्या होत्या, हातात सरकारी फॉर्म होता. प्रश्न चौथा: संग्रहातील वस्तू कायम जागेवर असतात का? हो किंवा नाही. समोर नॅन्सी आंटीच्या पुढच्या खोलीतली तीन शेल्फं. मधल्या शेल्फवर तांब्याची कळशी, आणि कळशीखाली चिठ्ठी तयार: 'लविनाच्या लग्नाला गेली आहे. रविवारी परत येईल.'

आंटीच्या भाच्याने, कार्लने, कपाळाला हात लावला. वर्षभर तो या नोंदणीमागे धावत होता. अंधेरीच्या या गावठाणातली शेजारची चार घरं बिल्डरने घेतली होती, आता पाचवं हेच. वकिलाने एकच वाट सांगितली होती: संग्रहालय म्हणून नोंद झाली, तर घर वाचवायला आधार मिळेल. आणि नेमकी आज हिने चिठ्ठी लिहून ठेवली! हिला काय म्हणावं?

"ती चिठ्ठी जुनी आहे, मॅडम," तो रेटून खोटं बोलला.

तेवढ्यात बाहेर बॅन्ड वाजायला लागला.

उंबराच्या पाण्याची मिरवणूक दारात आली होती. लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीच्या अंघोळीचं पाणी विहिरीवरून वाजतगाजत आणायचं, आणि आणायचं ते याच कळशीतून. सात-आठ बायका लुगडी नेसून उभ्या, पुढे लविनाची आई जॅकलिन.

"नॅन्सी, दे गो लवकर. बॅन्डवाले थांबायचे नाहीत."

"आंटी, आज स्टीलची दे ना," कार्ल कुजबुजला. "फक्त आज. पाया पडतो तुझ्या."

"पाण्याला काय कळतंय," मॅडमही समजुतीने म्हणाल्या. बाई काही वाईट नव्हती. "कळशी शेल्फवर राहिली तर मी 'हो' लिहिते आणि निघते. संग्रहालयातली वस्तू वापरायची नसते हो, जपायची असते."

घर जाईल ही भीती आंटीला नव्हती असं कोणी समजू नये. याच खोलीत ती लग्न होऊन आली, याच खोलीतून नवऱ्याला शेवटचं नेलं. तरी तिने कळशी खाली उतरवली.

"मॅडम, वस्तू कुठून आल्या तेपण विचारलंय ना फॉर्मात? मग लिहा. कळशी परत आणताना रिकामी आणायची नाही, ही आमची रीत. आधी लोक घरच्या शेतातले तांदूळ घालून आणायचे. शेतांवर बिल्डिंगा आल्या. आता विकतचे तांदूळ काय द्यायचे, म्हणून ज्याने त्याने घरातलं जुनं काहीतरी घातलं. ही जाळं विणायची सुई, हा अडकित्ता, हे बॅन्डवाल्या अल्फान्सोच्या क्लॅरिनेटचं तोंड. सगळं हिच्यातून आलं. मी कोणाच्या दारात मागायला गेले नाही. ही घरात बसून राहिली असती, तर आज तुम्ही बघायला काय आला असतात? भिंत?"

जॅकलिनने कळशी कमरेवर घेतली. बॅन्ड विहिरीकडे वळला.

मॅडमनी पेन काढलं. "नियम मी केलेला नाही," त्या हळूच म्हणाल्या, आणि त्यांनी 'नाही'वर खूण केली. कार्ल तोंड फिरवून खिडकीशी जाऊन उभा राहिला.

"असू दे," आंटी म्हणाली. "मी परत अर्ज करणार. तेव्हाही कोणाचं तरी लग्न असेल, आत्ताच सांगून ठेवते."

मग तिने पदर खोचला, ओलं फडकं आणलं आणि खालच्या शेल्फवरचा अडकित्ता बाजूला सारून फळी पुसायला लागली.

मॅडम चपला घालता घालता थांबल्या. "आता हे काय करताय?"

"जागा करतेय. लविना रविवारी काहीतरी घेऊन येईल ना."