ओढ

त्या दुष्काळात मुकुंदवाडीला आठ-आठ दिवस नळाला पाणी येत नव्हतं. परक्या गावात पाण्याचा काय भरवसा, म्हणून कोकणात सहलीला निघतानाही सगीरानं पाच लिटरचा कॅन भरून घेतला होता.

समुद्रावर तिची दहा वर्षांची उजमा गुडघाभर पाण्यात खेळत होती. एक मोठी लाट आली आणि मागं सरताना पोरीला आत ओढून घेऊन गेली.

"अम्मी!"

सगीरा पाण्यात धावली.

"आत जाऊ नका, दोघी जाल!" लांबून पळत येणारा जीवरक्षक ओरडला. "तरंगणारं काहीतरी फेका!"

सगीरा माघारी वळली. तिनं कॅनमधलं सगळं पाणी वाळूत ओतलं, झाकण घट्ट लावलं आणि कॅन लेकीच्या दिशेनं भिरकावला. समुद्राच्या त्याच ओढीनं तो उजमापर्यंत नेला.

"पकड बेटा! सोडू नको!"

जीवरक्षकानं तिला बाहेर आणलं, तेव्हा ती खारं पाणी ओकत होती. कुणीतरी पाण्याची बाटली पुढं केली. उजमानं दोनच घोट घेतले, झाकण लावलं आणि बाटली आईच्या हातात दिली.

"पी बेटा," सगीराला हुंदका आवरेना. "आज सगळं पी."