तिसरी साक्षीदार

"तिसरा साक्षीदार कुठे आहे?" खिडकीतल्या बाईंनी विचारलं.

शेजारचे दाजी यायचे होते. पण धामणकर नाक्यावर कंटेनर आडवा झाला होता आणि त्यांची रिक्षा जागची हलत नव्हती. विवाह नोंदणीची खिडकी एक वाजता बंद व्हायची. पाऊण वाजला होता. नोंदवायचं होतं ते धम्मदिनाच्या आईवडिलांचं लग्न. बेचाळीस वर्षांपूर्वी झालेलं.

चांगदेव आणि कमळा यांचं लग्न विहारात लागलं. दोन गावांनी पाहिलं. कागद कोणी केला नाही, कोणी मागितलाही नाही. आता निवृत्त शिक्षक असलेल्या चांगदेवांच्या पेन्शनच्या नोंदीत कमळाचं नाव चुकीचं निघालं. आपल्यामागे तिचे हाल होऊ नयेत तर ते आधी दुरुस्त करायला हवं, आणि त्यासाठी लग्नाचा दाखला हवा.

"म्हातारपनी नवरी झाले बग," कमळा सकाळपासून भावाला, दत्तूला, सांगत होती.

"मंग वरात पन काढू ना आक्का," दत्तू म्हणाला. तो अंबाडीहून मुद्दाम आला होता. पहिला साक्षीदार तो, दुसरी धम्मदिना.

"मी करू का सही?" मागून पूर्वीने विचारलं. "आधार कार्ड आहे माझ्याकडे."

ती खरं तर गाडी चालवायला आली होती. धम्मदिनाने वडिलांकडे पाहिलं. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

पूर्वी दापोड्याची. तिथल्याच एका गोदामात शिफ्ट सुपरवायझर. सात वर्षं ती आणि धम्मदिना एका घरात संसार करत होत्या. दापोड्याच्या घरच्यांनी पूर्वीचं नाव टाकलं होतं. चांगदेवांनी तसं केलं नाही. ती आली की चहा ठेवायला सांगत, कामाची चौकशी करत. मात्र आल्यागेल्याला ओळख करून देताना म्हणत, "ही धम्माची मैत्रीण." एवढंच.

चांगदेव दर रविवारी विहारात संविधानाचा वर्ग घेत. समलिंगी विवाहाचा खटला सुप्रीम कोर्टात उभा राहिला तेव्हा त्यांनी सगळी सुनावणी मोबाईलवर ऐकली. वहीभर टिपणं काढली. धम्मदिना स्वतः भिवंडीच्या कोर्टात वकिली करत होती. तिला वाटलं, बाबा आपल्यासाठी ऐकताहेत.

निकाल लागला त्या दिवशी त्यांनी टीव्ही बंद केला आणि म्हणाले, "बरोबर आहे. लग्न हा मूलभूत हक्क नाही. कायदा करायचा तर तो संसदेने करायचा."

"आणि कलम चौदा? कायद्यापुढे सगळे समान?"

"मी कोर्टाच्या अधिकारांबद्दल बोलतोय, धम्मा."

"मी तुमच्या मुलीबद्दल बोलतेय, बाबा."

चांगदेव वहीत बघत बसले. त्यानंतर तो विषय त्या घरात निघाला नाही. धम्मदिना आधीसारखीच येत राहिली, पण बापलेकीत जो वाद रंगायचा, कधी आरक्षणावर, कधी राज्यपालांच्या अधिकारांवर, तो थांबला. आता ती जेवायची, आईशी बोलायची आणि निघायची.

"लवकर करा," बाई म्हणाल्या. "नाव, पत्ता, आणि पती-पत्नीशी नातं."

पूर्वीने झरझर लिहिलं, सही केली. नात्यासमोर लिहिलं, मुलीची मैत्रीण. भाडेकरारावर, दवाखान्यात, विम्याच्या कागदांवर हाच शब्द लिहून तिचा हात बसला होता.

फॉर्म चांगदेवांकडे आला. त्यांनी चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. मागे रांगेत कोणीतरी "चलो चाचा" म्हणालं. शेवटच्या रकान्यावर त्यांचं बोट थांबलं.

"हे चुकलंय," ते म्हणाले.

निदान इथे नको, असं धम्मदिनाला वाटलं, या एवढ्या लोकांपुढे नको. पूर्वीने आवाज अगदी साधा ठेवला. "राहू द्या काका. दाजी आले की त्यांची सही घ्या. नाहीतर उद्या परत येऊ." तिने गाडीची किल्ली उचलली.

"कुटं चाललीस? थांब," कमळा म्हणाली.

चांगदेवांनी पूर्वीने लिहिलेल्या शब्दांवर एक सरळ रेघ ओढली. खाडाखोडीशेजारी सही करावी लागते, तशी सही केली. मग वरच्या जागेत दोन अक्षरं लिहिली. धम्मदिनाने वाकून वाचलं. पुन्हा वाचलं.

"बाबा," ती दबक्या आवाजात म्हणाली, "हे कायद्यात बसत नाही."

"तुझ्या आईचं तरी कुठे नोंदलेलं होतं आजवर?" चांगदेव म्हणाले. "म्हणून काय ती माझी कोणी नव्हती?"

त्यांनी फॉर्म खिडकीतून आत सरकवला. पूर्वी किल्ली मुठीत धरून तशीच उभी होती. काय लिहिलंय ते तिला अजून दिसलं नव्हतं.

बाई एकेका ओळीवर पेन टेकवत वाचू लागल्या. "दत्तू, वधूचा भाऊ. धम्मदिना, मुलगी. पूर्वी, सून." तिघांच्याही सह्या होत्या. त्यांनी कागद सरळ केला, शिक्का मारला आणि पावती फाडता फाडता सहज विचारलं, "सून आली, मग मुलगा नाही का आला?"

"मुलगा नाही मला," चांगदेव म्हणाले. "ही एकच मुलगी."