बिनझडपेचं सॉकेट

सक्सेना साहेबांनी टेबलावरची दोन्ही सॉकेटं उचलली, खिडकीकडे धरून फिरवून पाहिली आणि यातलं नवं कुठलं, असं विचारलं.

मंजूषानं त्यांच्या डाव्या हाताकडे बोट दाखवलं. डिझाइन तिचंच होतं. शस्त्रक्रियेच्या लेसर यंत्राला फायबरची केबल जिथे जोडतात, तिथे हे सॉकेट बसायचं. जुन्याच्या आत नखाएवढी झडप होती. केबल उपसली की ती मिटायची आणि किरण आतच राहायचा. नव्यात झडप नव्हती. बाकी आकार, पितळ, आटे, सगळं तेच.

मग बाहेरून ओळखायचं कसं, सक्सेनांनी विचारलं.

ओळखता येत नाही, ती म्हणाली. सांगावं लागतं.

वाक्य तोंडून गेलं आणि पुढचा प्रश्न काय असणार, ते तिला कळलं.

भोपाळच्या गोविंदपुऱ्यातल्या त्या कारखान्याच्या केबिनमध्ये चौघं होती. सक्सेना विमा कंपनीकडून चौकशीला आले होते. मोठ्या खुर्चीत मालक विश्वास करमरकर होते. आणि दाराजवळ, काळा चष्मा लावून, प्रतीक शितोळे बसला होता. यंत्रं तपासून पुढे पाठवायची हे त्याचं काम. मंजूषानंच त्याला इथे नोकरीला लावलं होतं. केबल काढायची आणि धूळ आहे का ते सॉकेटमध्ये डोकावून पाहायचं, हे तो दिवसभर करायचा. आधी यंत्र बंद करायचा नियम होता, पण आत झडप असल्यामुळे तो कुणीच पाळत नसे. नवा नमुना आला त्या दिवशीही तो तसाच डोकावला. तो किरण डोळ्यांना दिसत नाही. त्याला फक्त उजव्या डोळ्यात काहीतरी फुटल्यासारखं वाटलं होतं.

झडप काढायची करमरकरांनी ठरवलं होतं. माल स्वस्त पडणार होता. डॉक्टर काय यंत्रात डोळे घालून बसतात का, असं ते मीटिंगमध्ये म्हणाले होते. मंजूषानं एकदा विरोध केला आणि त्याच दुपारी नवं ड्रॉइंग करून दिलं. नमुने घेऊन ती स्वतः खाली गेली, तेव्हा प्रतीक जेवायला गेला होता. तिनं ट्रे त्याच्या टेबलावर ठेवला. आल्यावर सांगू, असं ठरवून वर आली. मग एक फोन आला, मग दुसरं काम निघालं.

आज सकाळी करमरकरांनी तिला हबीबगंजहून गाडीत घेतलं होतं. आवाज न चढवता ते म्हणाले होते की झडप काढणं हा गुन्हा नाही, न सांगणं हा आहे. आणि सांगायचं काम माझं नव्हतं. बाकी तू शहाणी आहेस.

सक्सेनांनी पेन खाली ठेवलं. “मॅडम, आपने इनको बताया था?”

करमरकर मोबाइल बघत होते.

“बताया था,” मंजूषा म्हणाली.

प्रतीकनं मान वर केली. सक्सेनांनी त्याला विचारलं, हे बरोबर आहे का. कपाळाला आठ्या घालून तो आठवत राहिला. त्याला टेबलावरचा ट्रे आठवत असणार, त्याच्या पुढेमागे काही सापडत नसणार. मंजूषाला वाटलं, आता हा नाही म्हणेल. क्षणभर तिला ते हवंसंही वाटलं.

“ताई म्हणतायत तर सांगितलं असेल,” तो मराठीत म्हणाला. “त्या कशाला खोटं बोलतील? माझ्याच ध्यानातून निघून गेलं असेल.”

सक्सेनांना मराठी येत नव्हतं. त्यांनी करमरकरांकडे पाहिलं.

“कह रहा है, बताया था. भूल गया,” करमरकर म्हणाले.

प्रतीकला हिंदी मराठीइतकंच येत होतं. त्यानं दुरुस्ती केली नाही. सक्सेनांनी लिहून घेतलं आणि सांगितलं की मग निष्काळजीपणा कामगाराचाच धरावा लागेल, विमा कंपनी भरपाई देणार नाही. प्रतीकनं मान डोलावली. मग खुर्ची थोडी पुढे सरकवून तो मंजूषाला म्हणाला की ताई, माझ्यापायी तुम्हाला इथे येऊन बसावं लागलं, मनाला लावून घेऊ नका.

तिनं पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच ठेवला.

रिपोर्टात एक जागा भरायची राहिली होती. सक्सेनांनी प्रतीकला चष्मा काढायला लावला, डावा डोळा तळव्यानं झाकायला सांगितलं आणि समोर काय काय दिसतं, ते विचारलं.

प्रतीकनं मंजूषाकडे पाहिलं. खिडकी दिसते, तो म्हणाला. पडदा दिसतो. ताईंची खुर्ची दिसते, साडीचा काठ दिसतो. मधे काळा डाग आहे.

“और मॅडम?”

“ठहरिए,” तो म्हणाला. “सामने देखूँ तो नहीं दिखतीं. बाजू में देखना पड़ता है.”

त्यानं मान हळूहळू वळवली आणि रिकाम्या भिंतीवर नजर ठेवली. तिचा चेहरा सापडला तेव्हा, भिंतीकडे बघतच, तो तिला हसला.