वहीत नसलेलं

द्रौपदामावशी पाय पसरून दीड महिन्याच्या बाळाला तेल लावायला बसल्या, की मृणालचा जीव खालीवर व्हायचा. "मावशी, हळू हं!" दूध कधी, शू किती वेळा, शिंका किती, सगळं ती वहीत लिहायची. मावशींना लिहिता-वाचता येत नव्हतं. तीस वर्षं त्या गावातल्या लेकरांना न्हाऊमाखू घालत होत्या.

त्या दिवशी त्यांचे हात मध्येच थांबले. "ही डावी मांडी उजवीसारखी फाकत नाही गं. आज मी चोळत नाही. आधी डाक्टरला दाखव."

"तुम्हीच ओढली असेल जोरात!" मृणालच्या तोंडून निघून गेलं. मावशींनी बाळाला दुपट्यात सैलसर गुंडाळून तिच्याकडे दिलं.

डॉक्टरांनी सोनोग्राफी केली. "खुब्याचा सांधा जन्मापासूनच सैल आहे. लवकर आणलंत, दोन-तीन महिने पट्टे बांधले की बसेल. चालायला लागल्यावर कळलं असतं, तर ऑपरेशनवर गेलं असतं. कुणाच्या लक्षात आलं हे?"

"मावशींच्या," मृणालने सांगितलं आणि हातातली वही मिटली.

दुसऱ्या दिवशी मावशी दारातच उभ्या राहिल्या. बाळाचे पट्टे बघून म्हणाल्या, "आता मालीश बंद. मग माझं काय काम?"

मृणालने त्यांना हाताला धरून आत आणलं, बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि वही उघडली. "रोज यायचं, मावशी. तुम्ही बघून सांगा, मी लिहिते."

मावशींनी बाळाच्या कपाळावरून हात फिरवला, मग वर पाहिलं.

"लिही. बाळ खुशीत आहे. आई उगाच रडतेय."