दोन गल्ल्या सोडून

"साठ गोळ्या," असं म्हणून तरुण डॉक्टरने चिठ्ठी फाडली आणि आईच्या हातात दिली.

काचेपलीकडे बसलेल्या सरांनी कपाळाला हात लावला. गडी दुसऱ्यांदा नापास झाला होता.

खोली दवाखान्यासारखी मांडली होती. टेबल, दोन खुर्च्या, रक्तदाब मोजायचं यंत्र आणि पाणी नसलेलं बेसिन. मॉर्फिनच्या जातीच्या गोळ्या कोणाला, किती आणि कधी द्यायच्या, हे शिकायला डॉक्टर इथे दोन दिवस येत. शेवटी परीक्षा असे आणि परीक्षेला समोर आई बसे. सगळे तिला आईच म्हणत, कारण नऊ वर्षं ती हे एकच सोंग करत आली होती. पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरून ती खुर्चीच्या कडेला टेकायची आणि सांगायची, मुलगा बावीस वर्षांचा आहे, शिडीवरून पडला, पाठीचं ऑपरेशन झालं. जिना उतरवत नाही म्हणून मीच आले. गोळ्या बेसिनमध्ये सांडल्या हो. कळवळतोय पोरगा.

दगडाला पाझर फुटावा असं ती बोलायची. डॉक्टर तर काय, माणसंच. दहातले सात तरी विरघळत.

गोष्ट खरी घडलेली होती. त्या दिवशीच्या चिठ्ठीचा फोटो सर पहिल्याच तासाला पडद्यावर दाखवत. डॉक्टरच्या नावावर काळी पट्टी मारलेली. ते अक्षर एकालाही लागायचं नाही आणि डॉक्टर मंडळी एकमेकांकडे बघून हसायची. मग मागच्या रांगेतून आई सांगायची, "दिवसातून दोनदा, जेवणानंतर." हसू तिथेच थांबायचं. मुलगा कोणाचा, हे कोणी विचारत नसे. विचारायचं काय त्यात?

"चहा घेऊन या," सर तरुण डॉक्टरला म्हणाले. "मग शेवटची संधी. भीड भिकेची बहीण, एवढं लक्षात ठेवा."

तरुण डॉक्टरला सोमवारपासून एका दूरच्या दवाखान्यात एकट्याने बसायचं होतं. तो नापास झाला, तर त्याला ही औषधं लिहिता येणार नव्हती आणि तिथल्या कॅन्सरच्या पेशंटना कण्हत मरावं लागणार होतं. आणि नुसतंच ढकलून पास केलं, तर आणखी एखादं पोरगं जाणार होतं. आईला या दुसऱ्या गोष्टीची जास्त भीती वाटत होती.

तो कप घेऊन तिच्याशेजारी येऊन बसला.

"समोर माणूस रडतंय आणि आपण नन्नाचा पाढा लावायचा. जमतच नाही मला."

"कुणालाच जमत नाही."

"त्या डॉक्टरांचं काय झालं पुढे?"

"परवाना गेला."

"आता काय करतात?"

"मिळेल ते काम."

तो जरा घुटमळला. "तुम्ही माफ केलंत त्यांना?"

"नाही."

"हेतू वाईट नसेल हो त्यांचा."

"नव्हताच. बाहेर चौदा पेशंट खोळंबले होते. रडणारी बाई लवकर उठावी, एवढाच हेतू. चौकशीत आलंय सगळं."

"आणि मुलगा?"

आईने कप खाली ठेवला. "तिसऱ्या दिवशी दुपारी घोरायला लागला. मोठमोठ्याने. घरात वाटलं, चला, लागला एकदाचा डोळा. झोपमोड नको म्हणून पडदा ओढून घेतला. ते घोरणं नव्हतं. श्वास अडकत होता."

तरुण डॉक्टर खिडकीबाहेर बघत राहिला. मग काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाला, "फाटकाजवळच्या बाकावर त्या बाई सकाळपासून बसल्यात. तुमच्या कोणी?"

"माझ्याबरोबर आल्यात. दर वेळी येतात."

तिसऱ्यांदा दार उघडलं. पिशवी, खुर्चीची कड, शिडी, ऑपरेशन, बेसिन. आईने काही हातचं राखलं नाही. तिचे डोळे भरून आले आणि आवाज फाटला. तरुण डॉक्टरचा हात चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्याकडे गेला. काचेपलीकडे सरांनी मान फिरवली.

हात मध्येच थांबला.

"घर किती लांब आहे तुमचं?" त्याने विचारलं.

नऊ वर्षांत हा प्रश्न कोणीच विचारला नव्हता.

"सांगा ना. किती लांब?"

"दोन गल्ल्या सोडून," ती कशीबशी म्हणाली.

"मग चला. मीच येतो. मुलाला पाहिल्याशिवाय मी एकही गोळी लिहिणार नाही, पण त्याला कळवळत ठेवणार नाही. बाहेरची मंडळी थांबतील तेवढी."

तो खरंच उठला आणि त्याने स्टेथोस्कोप गळ्यात अडकवला. सर टाळ्या वाजवतच आत आले. त्यांनी कागदावर पूर्ण गुण लिहिले. तरुण डॉक्टर ओशाळं हसला आणि आईच्या पाया पडायला वाकला. तिने पाय मागे घेतले.

तिला आनंद व्हायला हवा होता. दोन गल्ल्या म्हणजे चालत चार मिनिटं. एवढंच होतं ते. कोणी विचारलं असतं, तर एवढंच होतं.

सही करून तिने पिशवी उचलली आणि ती फाटकापाशी आली. बाकावरची बाई तिला बघून उठली. तिनेही आपली पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती, अगदी तशीच.

"आज तरी कोणी आलं का हो माझ्या मुलाला बघायला," तिने विचारलं, "डॉक्टरबाई?"